बहिष्काराचे शस्त्र आणि ग्राहकाचा विवेक

मुंबईच्या जुन्या लोखंड बाजाराची गर्दी शहराबाहेर हलवण्यासाठी सिडकोने कळंबोलीत लोह-पोलाद बाजार वसवला. शीव-पनवेल महामार्ग, पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडून येणारी वाट जिथे एकत्र येतात, तिथला हा बाजार. सळया, पत्रे, अँगल आणि चॅनेल यांच्या राशी, ट्रेलरच्या रांगा, वजनकाटे आणि माथाडी कामगारांची लगबग हे त्याचे रोजचे रूप. तिथे येणारा ठेकेदार व्यापाऱ्याला तीन गोष्टी विचारतो. आजचा भाव काय, माल कोणत्या कारखान्याचा आणि पैसे किती दिवसांनी द्यायचे. पेढीचा मालक कोणत्या पक्षाला मत देतो, हा प्रश्न लोखंडाच्या व्यवहारात येत नाही. ज्याच्या सळईवर इमारत उभी राहणार, त्याची सळई नीट असावी एवढीच अपेक्षा असते.

तोच ठेकेदार संध्याकाळी वसाहतीतल्या घरी परततो. हातातल्या भ्रमणध्वनीवर एक संदेश येऊन पडलेला असतो. अमुक कंपनीचा मालक अमुक बोलला, सबब त्याचा साबण, त्याची मोटार, त्याचे दागिने घेऊ नका. संदेशाखाली लिहिलेले असते की, हा निरोप जो पुढे पाठवणार नाही, त्याचे देशप्रेम खोटे. दिवसभर बाजारात चोख हिशेब करणारा हा माणूस तो संदेश क्षणभरही न तपासता पुढे पाठवून देतो. एकाच माणसाची ही दोन रूपे सध्याच्या सार्वजनिक जीवनातील एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे बोट दाखवतात. उद्योजकाने राजकीय मत मांडले, तर ग्राहकाने काय करावे? आणि प्रत्यक्षात तो काय करतो?

या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईत एका आर्थिक वृत्तपत्राच्या पुरस्कार सोहळ्यात ज्येष्ठ उद्योगपती राहुल बजाज उभे राहिले. व्यासपीठावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा, अर्थमंत्री निर्मला सीतारामन आणि पीयूष गोयल होते. पूर्वीच्या सरकारवर उघड टीका करता येत असे, आज तशी टीका केली तर ती मोकळेपणाने घेतली जाईल असा विश्वास उद्योगजगताला वाटत नाही, अशा आशयाचे बजाज बोलले. कोणी घाबरण्याचे कारण नाही आणि तसे वातावरण असल्याची भावना असेल तर ते सुधारण्याचा प्रयत्न आम्हाला करावा लागेल, असे उत्तर गृहमंत्र्यांनी त्याच सभागृहात दिले. आपल्या मनातील समजुती पसरवत राहण्याने राष्ट्रहिताला बाधा येऊ शकते, अशी प्रतिक्रिया अर्थमंत्र्यांनी नंतर व्यक्त केली. प्रश्न सर्वांसमक्ष विचारला गेला आणि उत्तरही सर्वांसमक्ष मिळाले. लोकशाहीत याहून वेगळे काय हवे?

बजाज यांच्या मताशी सहमत नसणाऱ्यांची संख्या मोठी होती, आजही असेल. परंतु त्यांच्या मताला एक पूर्वपीठिका होती. जमनालाल बजाज यांनी इंग्रजांनी दिलेली रायबहादूर ही पदवी परत केली होती. त्याच घराण्याच्या उद्योगांवर आणीबाणीत, १९७६ मध्ये, प्राप्तिकराचे छापे पडले. बोलणाऱ्या उद्योजकाला सत्ता काय करू शकते, याचा अनुभव त्या घराने घेतलेला होता. आणि राहुल बजाज हे काही एका पक्षाच्या दावणीला बांधलेले गृहस्थ नव्हते. २००६ मध्ये महाराष्ट्रातून ते अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले, ते भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या पाठिंब्यावर.

त्या भाषणानंतर समाजमाध्यमांवर समर्थनाचा आणि निषेधाचा धुरळा उडाला. ग्राहकाने मात्र काय केले? आकुर्डी आणि चाकणच्या गाड्या त्याने घेणे थांबवले नाही. भाषणानंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, जानेवारी २०२१ च्या पहिल्याच दिवशी, बजाज ऑटो ही एक लाख कोटी रुपयांचे बाजारमूल्य ओलांडणारी जगातील पहिली दुचाकी कंपनी ठरली. याच ग्राहकाने त्यापूर्वी बजाजला एक कठोर शिक्षा दिली होती, पण तिचे कारण राजकीय नव्हते. ज्या स्कूटरसाठी एके काळी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, तिच्याकडे मोटारसायकल मिळू लागताच त्याने पाठ फिरवली आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटरचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला. मतासाठी ग्राहकाने मालकाला दंड केला नाही. मालासाठी मात्र केला, आणि तो करताना घराण्याची पुण्याई आड येऊ दिली नाही.

याचा अर्थ ग्राहकाला मते नसतात, असा काढणे चूक ठरेल. भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, खरेदी ही राष्ट्रीय कृती होऊ शकते हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे. बंगालच्या फाळणीनंतर ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी परदेशी कापडाची होळी पेटवली. लोकमान्य टिळक त्या प्रसंगी उपस्थित होते. फर्ग्युसन महाविद्यालयाने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. ही कथा आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र तितक्या अगत्याने सांगितला जात नाही. त्याच काळात मुंबईत स्वदेशी मालाची सहकारी भांडारे निघाली. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून जमवलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ ओगलेवाडीत काच कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडी पोहोचला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या बांधावर गेला. अर्देशिर गोदरेज यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले, पण त्यांची कुलपे आणि तिजोऱ्या विकल्या गेल्या त्या देणगीमुळे नव्हे, तर त्या फुटत नसत म्हणून.

त्या पिढीने बहिष्कार हे अर्धेच वाक्य मानले होते. ते पूर्ण होत असे ते निर्मितीने. ज्याने परदेशी काच घेणे सोडले, त्याच्या हाती कोणीतरी देशी काच ठेवली पाहिजे, आणि ती पहिल्याच उन्हाळ्यात तडकता कामा नये, ही जाण त्या चळवळीला होती. शिवाय तिचे लक्ष्य स्पष्ट होते. एक परकी सत्ता, तिचे एक विशिष्ट व्यापारी धोरण आणि त्या धोरणावर उभा असलेला विशिष्ट माल. कापड ज्याच्या दुकानात होते, त्या गल्लीतल्या दुकानदाराशी वैर नव्हते. होळीत जे कापड पडले, तेही लोकांनी आपल्या घरातून स्वेच्छेने आणून टाकलेले होते.

या मोजपट्टीने अलीकडच्या बहिष्कारांकडे पाहिले, तर चित्र संमिश्र दिसते. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. देश संतापला आणि तो संताप सर्वस्वी न्याय्य होता. चिनी वस्तू रस्त्यावर फोडल्या गेल्या, बहिष्काराच्या शपथा घेतल्या गेल्या. सरकारने अनेक चिनी उपयोजनांवर बंदी घातली. परंतु चीनकडून होणारी आयात २०१९-२० आणि २०२०-२१ या दोन्ही वर्षी सुमारे ६५ अब्ज डॉलरच राहिली, २०२१-२२ मध्ये ती ९४ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि २०२३-२४ मध्ये तिने शंभर अब्जांचा टप्पा ओलांडला. जवाहरलाल नेहरू बंदरातून निघून कळंबोलीच्या चौकावरून जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगेला शपथांनी खंड पडला नाही. याचा दोष केवळ ग्राहकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. त्या आयातीचा फार मोठा भाग सुटे भाग, यंत्रे, रसायने आणि औषधांचा कच्चा माल यांचा आहे. तो ग्राहकाच्या पिशवीत थेट येत नाही, देशी कारखान्यांच्या दारात येतो. आकाशकंदील चिनी नको म्हणणे सोपे असते. त्या कंदिलातल्या दिव्याचा, त्या दिव्यातल्या अर्धवाहकाचा देशी पर्याय उभा करायला मात्र दशके लागतात. पैसा फंडाची चिकाटी आज पाहिजे असेल तर ती तिथे.

फेब्रुवारी २०२२ मधील ह्युंदाईचे प्रकरण आणखी बोलके आहे. त्या कंपनीच्या पाकिस्तानातील भागीदाराच्या खात्यावरून ५ फेब्रुवारीला काश्मीरविषयी संतापजनक मजकूर प्रसिद्ध झाला. भारतीयांनी बहिष्काराची हाक दिली. कंपनीने खेद व्यक्त केला. दक्षिण कोरियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलताना खेद प्रकट केला. एवढे साधले ते जनमताच्या दबावामुळे, आणि ते साधणे योग्यच होते. त्याच वर्षी ह्युंदाईने भारतात पाच लाख बावन्न हजारांहून अधिक मोटारी विकल्या. तोवरच्या कोणत्याही वर्षातील तिची ती सर्वाधिक देशांतर्गत विक्री होती. पुढे २०२३ मध्ये या कंपनीने जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना घेण्याचा करार केला, तो तळेगावातला. ज्या तळेगावात एकेक पैसा जमवून स्वदेशी काच ओतली गेली, तिथेच आज विदेशी कंपनीच्या मोटारी घडतात आणि त्या घडवणारे हात मराठी आहेत. अशा कारखान्यावर उद्या बहिष्काराची हाक आली, तर पहिला फटका सोलला बसेल की मावळातल्या घराला, याचा विचार हाक देणाऱ्याने आधी केलेला बरा.

सर्वच बहिष्कार निष्फळ ठरतात असेही नाही. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या उपमंत्र्यांनी अनुदार उद्गार काढले. तेव्हा एका भारतीय पर्यटन कंपनीच्या प्रमुखांनी मालदीवची विमान आरक्षणे थांबवत असल्याचे जाहीर केले. हेही एका उद्योजकाने उघडपणे घेतलेले राजकीय मतच होते. ग्राहक त्याच्या पाठीशी उभा राहिला. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय मालदीवला गेले होते. २०२४ मध्ये ती संख्या सुमारे एक लाख तीस हजारांवर आली. मालदीवचा सूर बदलला आणि जुलै २०२५ मध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनी भारताचे पंतप्रधान प्रमुख पाहुणे म्हणून तिथे गेले. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घेण्याचे थांबवले. गिऱ्हाइकांनीही ते मागणे सोडले.

इथे यश का आले आणि तिथे का आले नाही? उत्तर अवघड नाही. सुट्टीला मालदीवऐवजी कोकण, गोवा किंवा केरळ गाठता येते. तुर्की सफरचंदाऐवजी हिमाचलचे आणि काश्मीरचे सफरचंद टोपलीत ठेवता येते. पर्याय हाताशी होता, त्यासाठी फारसा त्याग लागत नव्हता. कारण स्पष्ट होते, खरे होते, सर्वांना ठाऊक होते. आणि कोणी बोलावे, कोणी सुधारावे हेही स्पष्ट होते. जिथे या तीन गोष्टी नसतात, तिथे संताप आठवडाभर टिकतो आणि नंतर गरज जिंकते.

परदेशातील अनुभवही असाच आहे. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये गोया या खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रमुखाने व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची स्तुती केली. विरोधकांनी बहिष्काराची हाक दिली, तर समर्थकांनी मुद्दाम खरेदीची. विद्यापीठीय संशोधकांनी विक्रीचे आकडे तपासले तेव्हा आढळले की, विक्री घटण्याऐवजी सुमारे बावीस टक्क्यांनी वाढली आणि तीन आठवड्यांत ती वाढही विरून गेली. घरात जे वाटाणे शिजत होते, तेच शिजत राहिले. उलट उदाहरण टेस्लाचे. तिच्या मालकाने राजकारणात थेट उडी घेतल्यानंतर २०२५ च्या पहिल्या तिमाहीत तिच्या गाड्यांची जगभरातील विक्री आदल्या वर्षाच्या तुलनेत तेरा टक्क्यांनी घसरली. नवे मॉडेल येण्यासाठी थांबलेले उत्पादन आणि चिनी कंपन्यांची स्पर्धा ही कारणेही त्यात होती, तरी युरोपातील नाराजीचा वाटा नाकारता येत नाही. मोटार रस्त्यावर सर्वांना दिसते. ती मालकाच्या मतांची पाटी बनू लागली की चालवणाऱ्याला संकोच वाटतो. डाळीच्या डब्यावर अशी पाटी लागत नाही.

तेव्हा उद्योजकाने बोलावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेने आधीच दिले आहे. कलम १९ मधील भाषणस्वातंत्र्य कारखानदारालाही आहे आणि व्यवसायाचे स्वातंत्र्यही त्याच कलमात आहे. उद्योजक हा आधी नागरिक असतो. त्याने केवळ कर भरावा, देणग्या द्याव्यात आणि गप्प बसावे अशी अपेक्षा करणारा समाज खुशामतखोर उद्योजकच निर्माण करील, आणि असे उद्योजक सत्ता बदलली की मतेही बदलतात. राष्ट्रीय विचारांच्या संस्थांना अनेक दशके ज्या मूठभर व्यापाऱ्यांनी हात दिला, ते तत्कालीन सत्तेला न रुचणारे मत बाळगूनच देत होते, हे विसरून चालणार नाही. मात्र जो उद्योजक आपले मत आपल्या मालाच्या जाहिरातीवर चिकटवतो आणि पडद्यावरून समाजाला उपदेश करतो, त्याने उत्तराची तयारीही ठेवली पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कच्या जाहिरातीबाबत हेच घडले. लोकांनी नापसंती कळवली, कंपनीने जाहिरात मागे घेतली. नापसंती कळवण्याचा ग्राहकाचा हक्क निर्विवाद आहे. दुकानात उभ्या असलेल्या विक्रेत्याला धमकावण्याचा हक्क मात्र कोणालाही नाही.

आणि इथेच प्रश्न गंभीर होतो. बहिष्कार आणि दहशत यांच्यामधली रेषा पुसट होत चालली आहे. जुलै २०२५ मध्ये मराठी शिकणार नाही अशी भाषा करणाऱ्या एका गुंतवणूकदाराच्या वरळीतील कार्यालयावर दगडफेक झाली. नंतर त्याने क्षमा मागितली. त्याची भाषा उद्धट होती आणि मराठी समाजाला ती झोंबणे स्वाभाविक होते. परंतु दगडाने मिळवलेल्या क्षमेतून मराठीला एकही नवा वाचक मिळत नाही.

राष्ट्रीय विचारांच्या परिवाराने तर हे इतरांपेक्षा अधिक ओळखले पाहिजे, कारण त्याने त्याचे चटके सोसलेले आहेत. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात जी जाळपोळ उसळली, तिच्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आगी लावण्यात आल्या. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. किर्लोस्करांचा नांगर जातपात पाहून जमीन नांगरत नव्हता. भालजींच्या स्टुडिओत सर्व समाजांतील कलावंत आणि तंत्रज्ञ पोट भरत होते. जमावाने जाळला तो कोणाचा तरी राग आणि उद्ध्वस्त झाले ते शेकडो चुलींचे आधार. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला, किर्लोस्करांनीही कारखाना पुन्हा फुलवला. हा त्यांच्या मनगटाचा पराक्रम होता, जाळणाऱ्यांची ती कृपा नव्हती. मालकाच्या मतासाठी, जातीसाठी किंवा पंथासाठी त्याच्या दुकानाला शिक्षा करणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबांनी पाहिले, त्यांनी तो न्याय दुसऱ्याला लावताना दहा वेळा थांबले पाहिजे.

मग ग्राहकाच्या हाती उरते काय? पुष्कळ काही उरते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती ग्राहकाला संघटित करण्यासाठी आणि शहाणे करण्यासाठी. भेसळ, वजनातील फसवणूक आणि खोट्या जाहिराती यांविरुद्ध त्या चळवळीने जे रान उठवले, त्याला १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बळ दिले. २०१९ च्या नव्या कायद्याने ते वाढवले. निवड करण्याचा हक्क हा त्या कायद्यातील मूलभूत हक्कांपैकी एक. तो हक्क बजावताना भाव आणि प्रत यांच्या जोडीला आपली श्रद्धा आणि राष्ट्रहितही तराजूत टाकायला कोणाची हरकत असू शकत नाही. फक्त तराजू आपल्या हाती असावा, संदेश पाठवणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती असू नये.

त्यासाठी काही प्रश्न स्वतःला विचारावे लागतील. पहिला प्रश्न सत्याचा. ज्याच्या नावावर हे वाक्य फिरते आहे, तो खरोखर तसे बोलला काय? की अर्धे वाक्य कापून, जुने चित्र जोडून कोणी स्पर्धकाचा काटा काढतो आहे? दुसरा प्रश्न जबाबदारीचा. बोलला तो मालक, की जाहिरातीत झळकणारा नट? नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान यांच्या असहिष्णुतेविषयीच्या विधानावरून स्नॅपडील या कंपनीवर लोकांनी राग काढला. कंपनीला जाहीर करावे लागले की, त्या विधानाशी आपला काही संबंध नाही. ती कंपनी तर भारतीय तरुणांनीच उभी केलेली होती आणि तिची स्पर्धा विदेशी भांडवलाशी होती. तिसरा प्रश्न परिणामाचा. हा घाव शेवटी कोणाला लागणार? मोठ्या कंपनीचे समभाग आठवडाभर खाली-वर होतात आणि सावरतात. तिची वस्तू विकणारा किराणा दुकानदार, गोदामातला हमाल, मालवाहतूक करणारा चालक यांना सावरायला तसा अवधी मिळत नाही. चौथा प्रश्न शेवटाचा. समोरच्याने काय केले म्हणजे हा बहिष्कार संपेल? ज्या बहिष्काराला शेवट नाही, तो बहिष्कार राहत नाही. त्याचे वैर होते.

आणि या सर्वांच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. विचारासाठी घेतलेली वस्तू दुसऱ्यांदा घेतली जाते ती गुणासाठी. पतंजलीने स्वदेशीच्या आवाहनावर २०१६-१७ मध्ये दहा हजार कोटी रुपयांहून अधिक उलाढाल केली, हे लोकांच्या देशप्रेमाचे मोठे प्रशस्तिपत्र होते. पुढे वाढीचा वेग मंदावला आणि २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल त्याच संस्थेला सर्वोच्च न्यायालयापुढे माफी मागावी लागली. स्वदेशीच्या नावाने विकणाऱ्यावर प्रामाणिकपणाची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक असते, कारण तो केवळ ग्राहकाचा पैसा घेत नाही, त्याची निष्ठाही घेतो. ती निष्ठा फसली, तर पुढच्या खऱ्या स्वदेशी उद्योजकालाही दार बंद होते. आपल्या विचाराचा म्हणून सुमार माल खपवून घेणे आणि परक्या विचाराचा म्हणून उत्तम माल नाकारणे, या दोन्ही गोष्टींनी देश मोठा होत नाही.

बहिष्कार हे व्रतासारखे आहे. व्रत करणारा आधी स्वतः काहीतरी सोडतो. दुसऱ्याच्या ताटातले काढून घेऊन व्रत साधत नाही. १९०५ च्या तरुणांनी स्वतःच्या अंगावरचे कपडे होळीत टाकले होते. आज एका बोटाने संदेश पुढे ढकलताना सोडावे काहीच लागत नाही, म्हणून त्याची किंमतही तेवढीच राहते. ज्याला खरोखर वाटते, त्याने गाजावाजा न करता वस्तू बदलावी, थोडी अधिक किंमत मोजावी, कंपनीला सही करून पत्र लिहावे आणि आपल्या पेठेतील एखाद्या तरुण उद्योजकाची पहिली मागणी नोंदवावी. शंभर संदेशांनी जे होत नाही, ते त्या एका मागणीने होईल.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळई घेताना ठेकेदार तिचे टोक वाकवून पाहतो. मोडली तर घेत नाही, वाकून तग धरला तर घेतो. विकणाऱ्याच्या मतांवर तो त्याच्याशी चहा घेताना वादही घालतो. वाद संपला की दोघे मिळून काट्यावर वजन पाहतात आणि माथाडी गाडी भरू लागतात. हातात आलेला प्रत्येक संदेश असाच एकदा वाकवून पाहिला पाहिजे.